सळईला चिकटलेला मणी व इतर मिळकत

मुली, हा कागद कुठे ठेवलास ते तू संध्याकाळपर्यंत विसरशील, म्हणून याच्या तीन प्रती करवून घेतल्या आहेत. एक तुला, एक वकिलांना, आणि एक पुन्हा तुला.

मी, खाली अंगठा उठवणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर (अंदाजे, जन्माची नोंद कुणी केली नाही), धंदा पूर्वी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करण्याचा, हल्ली काचेचे मणी करण्याचा, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकाने नव्हे तर आपल्या मर्जीने हे मृत्युपत्र सांगत आहे. मला अक्षर येत नाही. समोरच्या दारातल्या निवृत्त टायपिस्ट बाई लिहून घेत आहेत. त्या मध्येमध्ये "हे कायद्यात बसत नाही" म्हणतात. तेही लिहा म्हटल्यावर त्यांनी नाइलाजाने लिहिले आहे.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या मुलीला. दाराची कडी आधी वर उचलायची, मग ओढायची. ती तू शेवटची येऊन गेल्यानंतर बसवली, त्यामुळे तुला माहीत नसणार. फोनवर तू म्हणतेस, "आई, पुढच्या महिन्यात नक्की." कुठल्या वर्षीच्या, ते सांगायचं राहून जातं.

कलम २. माझ्या भावाला काही नाही. त्याने नेलेली शिडी मात्र परत आणून ठेवावी.

कलम ३. बर्नर आणि उरलेल्या काचेच्या कांड्या मण्यांच्या वर्गाला. तुझे वडील गेल्यावर दिवसभर बोलायला कुणी नसे, म्हणून मी त्या वर्गात गेले. फॉर्म भरता येईना. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजी, इथे अक्षर नको, हात स्थिर हवा." तो चादरींनी दिलेलाच होता. सळई आधी पातळ मातीत बुडवून वाळवायची, मग ज्योतीत वितळणारी काच तिच्यावर गुंडाळायची; मातीमुळे गार झालेला मणी सुटून येतो. पहिल्याच दिवशी मी माती विसरले. मणी सळईला बसला तो बसलाच. तुझा विसरभोळेपणा तुझ्या वडिलांकडून आला असे मी आजवर सांगत होते, ते विधान मागे घेते.

कलम ४. त्यानंतर तुझ्या दर वाढदिवसाला एक मणी धाडला. सोबत चिठ्ठी लिहिता येत नव्हती, म्हणून प्रत्येकावर दोन पिवळे ठिपके: मोठा मी, त्याला टेकलेला छोटा तू. असे सात झाले. गेल्या वर्षी वर्गाबरोबर मण्यांच्या प्रदर्शनाला गेले. हॉलभर टेबलं, त्यातल्या एकावर जुन्या मण्यांची वाटी, आणि वाटीत माझे सातही. विक्रेता म्हणाला, "बघा आजी, कुणा जुन्या कारागिराचं काम आहे. हे दोन ठिपके म्हणजे त्याची सही."

मी म्हटलं, "सही बरी आहे." माझं लिहिलेलं कुणीतरी पहिल्यांदाच वाचत होतं, त्याच्याशी घासाघीस कशी करणार? सातही घेतले. बसमध्ये घरापर्यंत मूठ उघडली नाही.

कपाट आवरताना गेले असतील. कुणी दिले, हेही लक्षात राहिलं नसेल. हा प्रकार विसरण्यातच धरावा असा माझा निर्णय असून त्यास कोणत्याही कोर्टात, कुणालाही, खुद्द मुलीलाही, हरकत घेता येणार नाही.

सदर सात मणी पुन्हा मुलीला. शिवाय तो पहिला, चिकटलेला. तो विकायचा झाला तर सळईसकट न्यावा लागेल, आणि लोक विचारतील.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा टायपिस्ट बाईंनी कलम ४ सावकाश वाचलं.

ठिकाण: माझं जेवणाचं टेबल
दिनांक: २३ फेब्रुवारी, मंगळवार, दुपार
निशाणी: डाव्या हाताचा अंगठा (उजव्याला ज्योतीचा चटका)
साक्षीदार: १. मण्यांच्या वर्गातल्या शिकवणाऱ्या बाई २. तळमजल्यावरचे चष्मेवाले

अंगठा उठवल्यावर सुचलेले, साक्षीदारांसमक्ष: टायपिस्ट बाई एकट्या असतात. रविवारी आम्हा दोघींचा मऊ भात मी करते. माझ्यामागे तो तू पाठवायचास. मीठ कमी, सोबत दोन उकडलेली अंडी. पाठवायचा म्हणजे स्वतः आणायचा, आणि रिकामा डबा न्यायचा असल्याने त्यांचं जेवण होईपर्यंत बसायचं. त्या फार सावकाश जेवतात.