मामाले दोन्ही सारखेच दिसले

८ जाने., रविवार
आमच्या मराठी मंडळाची मीटिंग. पोरांच्या खोलीतला कॅरम फुगला, टेबल टेनिसचं टेबल एका पायानं गेलं. म्हणून आता तिथं गेमिंगचं काही तरी घ्यायचं. पीसी का टीव्हीले जोडायचा कन्सोल, यावर पाऊण तास. ज्यांनी दोन्ही कधी पाहिले नाहीत तेच सगळ्यात जास्त बोलले. शेवटी मामा म्हणाले, दोन्ही बाजूबाजूले लावून दाखवा, मग ठरवू. सख्खे मामा, पण मीटिंगमध्ये माझी बाजू कधी घेत नाहीत. पस्तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं, स्वतः पाहिल्याशिवाय काही मानत नाहीत.

दाखवायचं काम अर्थात माझ्यावर. नवा रायपूरच्या ऑफिसात मी प्रिंटरमधला अडकलेला कागद काढतो, तेवढ्यावर इथं मी एक्स्पर्ट. बरं वाटते ते. खोटं काहून बोलू.

११ जाने., बुध.
तुलना लिहून काढली, ऑफिसच्या टायमात.
ग्राफिक्स: भारी कार्ड टाकलं तर पीसी पुढं. पण दहा फुटांवर बसून पाहिलं तर फरक शोधावा लागते.
परफॉर्मन्स: पीसीत फ्रेम जास्त. पण सेटिंग करत बसा, गरम झाला तर उघडा, धूळ काढा. कन्सोल, बटन दाबलं की सुरू. चार पोट्टे एकदम खेळतील.
खर्च: पीसी जवळपास दुप्पट. गेम पीसीवर स्वस्त पडतात, पण मंडळ किती गेम घेणार?

म्हणजे मंडळासाठी कन्सोल. लिहिता लिहिताच समजलं होतं. तरी फेअर करताना पीसी वर घेतला अन् दहा फुटांची गोष्ट गाळली. कारण इथं लिहून टाकतो, इथं कोण वाचते. दोन वर्षांपासून तसा पीसी मलेच पाहिजे. घरी जमत नाही. मंडळात आला तर खोलीची चाबी माझ्याजवळ राहील.

१५ जाने., रवि. संक्रांत
कसं लिहू. लिहितोच.

मंडळाच्या हॉलमध्ये दोन टीव्ही, एकाच दिवशी घेतलेले, एकाच मापाचे. पंडरी बाजारातल्या ओळखीच्या दुकानातून एक दिवसासाठी भारी पीसी आणला. ऑफिसातल्या साहूनं त्याचा कन्सोल दिला. लावला, तं तो अपडेट मागून राहिला. हॉलचं नेट म्हणजे बैलगाडी. चार घंटे दाखवून राहिलं. इकडं बायांचं हळदीकुंकू उरकलं, साठ-सत्तर लोक खुर्च्या ओढून बसले, अध्यक्ष माइक घेऊन उभे.

बॅगेत एका वायरीच्या दोन करायचा डबा होता. पीसीचंच चित्र दोन्ही टीव्हीले दिलं. डाव्या टीव्हीखाली साहूचा कन्सोल, लाइट चालू. आपोआप चालणारी कारची रेस लावली. मनात होतं, लोकांना पाहू द्या, मग सांगतो की कन्सोल अडला.

मी तोंड उघडायच्या आत अध्यक्ष म्हणाले, उजवीकडचा पीसी ना? काय क्लिअर आहे. मग सुरूच झालं. बँकेतून रिटायर झालेले एक जण म्हणाले, डावीकडं रंग धुतल्यासारखे. माझी बायको अश्विनी, ती पण म्हणाली उजवीकडं रस्ता ओला वाटते. एकच चित्र, अन् सगळ्यांना फरक दिसून राहिला. मी नुसता मान हलवत उभा, जसं काही मीच तो फरक घडवला.

मामा उठले. दोन टीव्हींच्या मधात जाऊन उभे राहिले. एक डोळा हातानं झाकून पाहिलं, मग दुसरा झाकून. रेल्वेच्या मेडिकलमध्ये पाहतात तसं.
"नितीन, मले तं दोन्ही एकसारखेच दिसून राहिले."
तेव्हाच सांगायचं होतं. अन् मी काय बोललो, तेही माइकवर:
"मामा, डोळ्याचा नंबर काढा एकदा."

हॉल हसला. मामी पण हसली. मामाही हसले, सगळ्यात शेवटी. पीसी एकमतानं पास. जाताना मामांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोल म्हणाले.

१६ जाने., सोम.
साहूले कन्सोल परत दिला. त्यानं जेवणाच्या सुट्टीत तिथंच लावून पाहिला. म्हणे, "इसका तो अपडेट ही नहीं हुआ भैया. फिर दिखाया क्या?" म्हटलं, ऐसे ही, थोडा सा. "हव," म्हणाला, अन् माझ्याकडं पाहत राहिला. नंतर काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं.

१९ जाने., गुरु.
मामीचा फोन. दर गुरुवारी दोघं बीरगांवहून स्कूटरवर बूढ़ापाराले जातात, मामीच्या बहिणीकडं. आज मामांनी स्कूटर काढलीच नाही. ऑटोनं गेले. मामी विचारत होती, तुले काही बोलले का रे ते? मी म्हटलं नाही. मामी म्हणे, नोकरीत एकदाही डोळ्यात फेल झाले नाहीत, त्याचा किती ताठा होता, आता सारखे एक डोळा झाकून कॅलेंडरासमोर उभे राहतात.
मी केलं हे. दुसऱ्या कोणी नाही.

२२ जाने., रवि.
बीरगांवले गेलो, सांगायचंच असं ठरवून. मामा व्हरांड्यात बसले होते. खुर्ची दिली, मामीले चहा टाकायला सांगितलं. मी तोंड उघडणार तोच म्हणाले,
"त्या डाव्या टीव्हीत कमी काय होतं ते मले नीट सांग. शिकवलं तं दिसन कदाचित."
अन् मी शिकवलं. देवा. सावल्यांच्या कडा फाटतात, लांबची झाडं पुसट होतात, गाडी वळली की चित्र अडखळते. अर्धा तास. सगळं कन्सोल-पीसीबद्दल खरं, अन् त्या दिवसाबद्दल साफ खोटं. मामा नव्या नोकरीतल्या पोरासारखे ऐकत होते, मधात मधात "म्हणजे कसं?" विचारत होते. चहा प्यालो. परत आलो. गाडीवर येताना स्वतःले मोठ्यानं शिव्या दिल्या, सिग्नलवर बाजूच्या माणसानं वळून पाहिलं.

२५ जाने., बुध.
सुट्टी टाकून मामाले डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. वाटलं, डॉक्टरच सांगतील नजर चांगली आहे, अन् माझं न सांगताच निपटन. किती हुशार मी. डॉक्टर म्हणाले, बाबूजी, इस उमर में इतनी साफ नजर कम देखते हैं. फक्त वाचायचा चष्मा बदला म्हणे.

बाहेर आलो. मले वाटलं खूश होतील. पायऱ्यांवर थांबले अन् हळूच म्हणाले,
"डोळे ठीक आहेत, मंग डोकं गेलं असन. माझ्या बाचं असंच झालं होतं. शेवटी शेवटी त्याले आम्ही दोघं भाऊ सारखेच दिसत."
मामीले सांगू नको म्हणाले. मी मान हलवली. आता मामांचं गुपित पण माझ्याच जवळ. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२९ जाने., रवि.
पीसी आला. नारळ फोडला. पोट्टे खूश. एक जण खेळते अन् सात जण मागं उभे. चाबी माझ्या खिशात. एकदाही खेळलो नाही, खरंच.
मामा नाही आले. मामीनं सांगितलं, स्कूटर विकतो म्हणून शेजाऱ्याले बोलून ठेवलं आहे.

घरी येऊन अ. ले सगळं सांगितलं. पहिले तिले समजलंच नाही. मग म्हणाली, "म्हणजे रस्ता ओला दिसला तो?" काहीच नव्हतं ओलं, म्हटलं. ती लाल झाली. सगळे म्हणून राहिले होते म्हणून मी म्हटलं, म्हणे. थोड्या वेळानं म्हणाली, मी मामांवर हसली पण होती. मग माझ्यावर जी चिडली ती चिडलीच. रविवार अजून संपला नाही, आत्ता जा, म्हणाली. मी नाही गेलो. भ्याड आहे मी, हे लिहायला लाज वाटून राहिली, तरी लिहितो.

२ फेब्रु., गुरु.
गेलो. शेजारी स्कूटर पाहायला आला होता, किक मारून पाहत होता. त्याच्या समोरच मी मामाले म्हटलं, विकू नका, आधी माझं ऐका. शेजारी समजूतदार, निघून गेला.

सांगितलं. उभ्यानंच. कन्सोल सुरूच झाला नव्हता, दोन्ही टीव्हीवर एकच चित्र होतं, तुम्हाला दिसलं ते बरोबर दिसलं. लोकांना जे दिसलं ते कुठंच नव्हतं. पायऱ्यांवर तुम्ही जे बोलले तेही तसं काही नाही. तुमचं डोकं ठीक आहे.

मामी दारात. मले वाटलं मामा मारतील. मारलं असतं तर पाया पडलो असतो.
"शिकवलं पण मले तू," म्हणाले. "अर्धा तास."
एवढंच. मग खुंटीवरून हेल्मेट घेतलं, अन् मले म्हणाले, बस मागं.

बीरगांवच्या मेन रोडवर स्कूटर काढली. रस्ताभर मोठ्यानं वाचत होते. पुढच्या ट्रकचा नंबर. दुकानांच्या पाट्या. भिंतीवरच्या कोचिंगच्या जाहिराती, खालच्या बारीक अक्षरांसकट. एकही चुकलं नाही. मी मागं बसून रडलो, हेल्मेट नव्हतं माझ्याजवळ, वाऱ्यानं गाल थंड झाले. परत त्यांच्याच दारात आणून उतरवलं. म्हणाले,
"ऐकणारा मी एकटा. हसले सत्तर जण. रविवारी मंडळाची सभा आहे. मी मागच्या खुर्चीत बसीन. मी काही बोलणार नाही."
गेले.

३ फेब्रु., शुक्र.
खोलीची चाबी अध्यक्षांना देऊन आलो. काहून म्हणून विचारलं त्यांनी, म्हटलं रविवारी सांगतो. ते हसले, अजून काही नवीन दाखवणार का, म्हणाले. उजवा टीव्ही पहिले त्यांनाच क्लिअर दिसला होता. सांगितलं तर त्यांचीही मान खाली जाणार, बँकवाल्यांची, अ. ची. कोणाले आवडणार नाही. मंडळात परत तोंड दाखवता येईन का, माहीत नाही.

अ. म्हणाली, लिहून ने, नाही तर ऐन वेळी तुझं तोंड दुसरंच काही बोलन. कागद घेऊन बसलो. पहिलं वाक्य झालं: मामाले बरोबर दिसलं होतं. दुसरं वाक्य 'मी' पासून सुरू होते. संध्याकाळपासून तेवढंच लिहून बसलो आहे.