आजी कधी पोचणार

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी इंग्रजी वाक्य अडलं की मी अजून तुमच्या बिबवेवाडीच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहते. तुम्ही मेथी निवडत बसलेल्या असता. आम्हा मुलींना एकेक करून दारापासून ओट्यापर्यंत चालायला लावता आणि चालता चालता वाक्य म्हणायला. रीतसर आलीस तर अराइव्ह, ओटा गाठलास तर रीच, धडपडत कशीबशी पोचलीस तर गेट. एकदा मी घाबरून तिन्ही एकाच वाक्यात कोंबली. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "अगं, एकदाच ये. ओटा कुठे पळून जात नाहीये." सगळ्या हसल्या, मला रडू फुटलं. निघताना तुम्ही तुमची जुनी डिक्शनरी माझ्या पिशवीत टाकलीत.

आता मी वाघोलीत, मुलाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. तो परदेशात. त्याच्या मुलीला मराठी येत नाही आणि मी तिला फक्त फोनवर पाहिलंय. या उन्हाळ्यात तिकडे जायचं ठरलं होतं. गेल्या रविवारी तो म्हणाला, "आई, या वर्षी नको गं. हिचे आईबाबा येतायत, घर लहान पडेल. पुढच्या वर्षी बघू ना." मी म्हटलं, "बघू की. मला कुठे घाई आहे?" गेल्या वर्षीही आमचं हेच बोलणं झालं होतं.

आज सकाळी नातीने बोलून पाठवलेला निरोप फोनवर आला. आजी, व्हेन विल यू गेट हिअर? तिला कोणी काही सांगितलेलंच नाही. बोलून पाठवायचं उत्तर मी सकाळपासून कागदावर लिहितेय आणि खोडतेय. अराइव्ह म्हणावं तर हार घेऊन कोणी उभं असल्यासारखं वाटतं. रीच म्हटलं की पुढे घर लिहावं लागतं, आणि तिथे हात थांबतो. शेवटी तिचाच शब्द घेतला. आय विल गेट देअर नेक्स्ट इयर. तुम्ही या वाक्याला पैकीच्या पैकी दिले असते. मला मात्र आता वाटत नाही की मी कधी जाईन. फार वाईट वाटतंय, बाई, आणि हे इथे कोणाला सांगायचं?

एक मात्र तुम्हाला सांगते. काल खालच्या मजल्यावरच्या वहिनी त्यांच्या तिकडच्या लेकीसाठी भाजणीचा डबा घेऊन आल्या. "तुमच्या बॅगेत वजनात बसेल ना हो?" मी बसेल म्हणाले आणि डबा ठेवून घेतला.