बाबांनी दिलेली साक्ष

सोनई,
नोव्हेंबर १९९६

प्रिय नोहा,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं. खोडत नाही. फोनवर माझा आवाज चढला की तू "ताई, नंतर बोलू" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे. मला आईच्या खोकल्याबद्दल लिहायचं आहे. पण त्याआधी बाबांबद्दल लिहावं लागेल, कारण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

गेल्या नाताळात तू आलास तेव्हा चर्चमध्ये पाळकांनी उपदेशाऐवजी तुलाच उभं केलं. शांतवन मास्तरांचा मुलगा पुण्यात विषाणूंवर संशोधन करतो, त्यानंच काही सांगावं. तू चांगला बोललास. ते मी आजही नाकारत नाही. सर्दी-तापाचा विषाणू श्वासाबरोबर आत जातो, घशातल्या नाहीतर फुप्फुसातल्या एखाद्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडून स्वतःच्याच प्रती काढून घेतो. ती पेशी मरते, पण मरण्याआधी एक प्रथिन बाहेर सोडते. त्यानं शेजारच्या पेशी सावध होतात, आपापल्या आत दुसरी प्रथिनं तयार करून ठेवतात, आणि मग विषाणू शिरला तरी त्याला तिथं वाढता येत नाही. त्या पहिल्या प्रथिनाचं इंटरफेरॉन हे नाव तू संडेस्कूलच्या फळ्यावर लिहिलंस. कोणीतरी विचारलं, मग ताप कशानं येतो? तू म्हणालास, ताप म्हणजे शरीर कामाला लागलंय, उगाच गोळी घेऊन त्याचं काम मोडू नका. शेजारची लंकाबाई मागच्या बाकावरून म्हणाली, "म्हंजी आमी गोळ्या खातो त्या डॉक्टरचं घर भरायला व्हय रं?" सगळे हसले. तूही हसलास आणि खाली बसलास. तिथं भाषण संपायला नको होतं.

बाबा पहिल्या बाकावर होते. तू विज्ञानाला गेलास तेव्हापासून त्यांनी गावाचं काय काय ऐकून घेतलं, ते तुला कधी कळू दिलं नाही. मास्तरचा पोरगा पाळक व्हायची सेमिनरी सोडून उंदरांना सुया टोचायची नोकरी करतो, असं त्यांच्या तोंडावर म्हणायचे लोक. ते हसून घ्यायचे. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा उत्तर मिळालं. मग ते रस्त्यात भेटेल त्याला थांबवून इंटरफेरॉन सांगायला लागले. लंकाबाई म्हणायची, "मास्तर, पाळकांची प्रार्थना चुकंल, पर तुमचं प्रोटीन न्हाई चुकायचं." तेही त्यांना आवडायचं.

जानेवारीत त्यांना सर्दी झाली, ताप आला. गोळी घेतली नाही. बरे झाले. रविवारी उपासनेत, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायच्या साक्षीच्या वेळेला ते उठले आणि म्हणाले, देवानं पेशीपेशीत पहारेकरी ठेवलाय, माझ्या मुलानं तो दाखवला, मी गोळीला हात लावला नाही आणि तुमच्यासमोर उभा आहे. आपल्याकडे साक्ष म्हणजे काय हे तुला सांगायला नको. मंडळीपुढे दिलेली साक्ष माणूस परत घेत नाही. आणि बाबा तर मंडळीचे पंच, चर्चचा कारभार बघणारे.

फेब्रुवारीत परत ताप आला. उतरला, आणि चांगलं वाटतंय म्हणेपर्यंत उलटून चढला. मी भिंगारच्या शाळेत रजा टाकून इथं आले तेव्हा ते उशांना टेकून बसले होते. वाक्य एका दमात पुरं होत नव्हतं. थुंकी गंजलेल्या पत्र्याच्या रंगाची. मी गोळी हातावर ठेवली, त्यांनी ती उशीखाली सारली. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाले, "साक्ष दिलीय मी, एस्तेर. नोहाचं काम चालू आहे आत. त्याला वेळ दे." ते असं म्हणत असताना त्यांचे ओठ निळे झाले होते. शुद्ध हरपल्यावर मी त्यांना जीपमध्ये घातलं. नगरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि मला बाहेर बोलावलं. लवकर का आणलं नाही, एवढंच विचारलं. बाबा तिथंच गेले.

दुसरी अर्धी गोष्ट मला त्या डॉक्टरांनी सांगितली. विषाणूनं श्वासनळीचं आतलं अस्तर सोलून निघतं. त्या उघड्या जागेवर मागाहून जंतू येऊन बसतात. ते विषाणू नव्हेत. त्यांच्यापुढे तुझ्या त्या प्रथिनाचं फारसं चालत नाही, फुप्फुसात पू होतो, आणि तिथं पेनिसिलीनच लागतं. म्हाताऱ्या माणसाचा उतरलेला ताप परत चढला की एक दिवस वाट बघायची नसते. नोहा, हे तुला कॉलेजात असल्यापासून माहीत होतं. माहीत नसतं तर मी तुला एक शब्दही बोलले नसते. तुझ्या भाषणात एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर कोणाला शंका आली नाही. आणखी चार वाक्यं लागली असती. पण लोक हसले होते, छान वाटत होतं.

मातीच्या दिवशी कबरस्तानात तू पाळकांना म्हणालास, "वयामुळं त्यांच्या शरीराचा प्रतिसाद कमी पडला असावा." मी मागेच उभी होते. म्हणजे बाबा कमी पडले. तू शिकवलेल्या धड्यात नापास झाले. तुझ्या शेजारी आई होती. तिनं ते ऐकलं आणि मान हलवली. मला वाटलं, तिला समजलं नाही. लेकरू शिकलेलं आहे, म्हणतंय ते खरं असेल, एवढंच तिला वाटलं असेल. तिला मी तेवढीच भोळी समजत होते.

दिवाळीच्या सुट्टीपासून ती खोकते आहे. मध्ये ताप उतरला होता. परवा परत चढला. सकाळी मी तुला प्रयोगशाळेत फोन लावला तर तू म्हणालास, तिला वाफ दे, मी पुढच्या आठवड्यात बघतो. मी जीप दाराशी आणली, तिनं ती परत पाठवली. उचलून नेईन म्हटलं तर म्हणाली, "ने. तिथं गोळीला तोंड उघडनार न्हाई, सुईला हात देनार न्हाई मी." मला संताप आला. बाबांचा हट्ट हिनं उचलला असं वाटलं आणि तोंडाला येईल ते बोलले. लंकाबाई मला धरून बाहेर नेत होती. तेव्हा आई खाटेची दांडी धरून उठून बसली आणि हळू म्हणाली, "मी दवाखान्यात गेले अन् सुईनं बरी झाले, तर मग ते कशानं गेले म्हनायचं? लोक माझ्या नोहाचं नाव घेतील." तिला सगळं कळलेलं आहे. कबरस्तानात तू बोललास तेव्हाच कळलं होतं. ती औषधानं बरी झाली तर तू दोषी ठरतोस, म्हणून ती बरी होत नाही आहे. माझं ती ऐकणार नाही, पाळकांचंही नाही. तिच्यापुढे उभा राहा आणि तुझ्या तोंडानं सांग की मी अर्धंच सांगितलं होतं, औषध मिळालं असतं तर बाबा कदाचित वाचले असते, आणि हे मी मंडळीतही सांगणार आहे. मग तिच्याजवळ झाकून ठेवायला काही उरणार नाही आणि ती उठेल. हे पत्र लंकाबाईच्या जावयाजवळ देते आहे. तो कांद्याचा टेम्पो घेऊन पुण्याला निघाला आहे. त्याला सांगितलंय, आधी नोहाचं घर गाठ, आणि तो शेजारी बसल्याशिवाय गाडी वळवू नको.

तुझीच मोठी बहीण,
एस्तेर