आतल्या खोलीतली गिटार

प्रिय भिंगरी,

काल फोनवर तू तिसऱ्यांदा विचारलंस, "काका, गिटारचा तो सुटा भाग आला का हो?" आणि मी तिसऱ्यांदा "येईल गं, येईल" म्हणून वेळ मारून नेली. फोनवर मला धड खोटंही बोलता येत नाही आणि खरंही. म्हणून हा कागद घेऊन बसलोय. अठरा तारखेला तुझा कार्यक्रम आहे, बाबांच्या गिटारवरचा पहिलाच. त्याआधी गिटार तुझ्या हातात पडेल, त्याचा घोर लावून घेऊ नकोस. पण आधी सगळं नीट सांगू दे.

गिटार घेऊन आलीस तेव्हा तू रडवेली झाली होतीस. म्हणालीस, बाबा जॅझ वाजवायचे तेव्हा आवाज कसा सायीसारखा यायचा, आणि माझ्या हातात पत्र्यावर चमचा आपटल्यासारखा येतो. तो आवाज लागला नाही तर मी स्टेजवर पाऊलसुद्धा ठेवणार नाही. तुझा बाप जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मी छाती पुढे काढून सांगितलं, आठ दिवसांत करून देतो. चाळीस वर्षं रेडिओ आणि ॲम्प्लिफायर उघडतोय, तेही कुणी न शिकवता. थोडी घमेंड असायचीच.

लागलो कामाला. तू लावलेल्या चकचकीत तारा उतरवून सपाट गुंडाळीच्या जाड तारा चढवल्या. त्यांच्यावरून बोट सरकलं तरी कुरकुर होत नाही. तारांची थरथर टिपणारे दोन पिकअप, त्यातला खालच्या पुलाजवळचा बंद केला, मानेजवळचा चालू. टोनचं बटण चारवर. ॲम्प्लिफायर वीस मिनिटं तापू दिला, त्याचा ट्रेबल निम्म्याखाली आणला. प्लेक्ट्रम बाजूला ठेवून अंगठ्याच्या मांसल भागानं तार छेडली, तीही मानेच्या अंगाला. हे सगळं तूही करत जा, प्रत्येकाचा थोडाथोडा उपयोग होतो. आवाज मऊ आला. पण मऊ वेगळं आणि ऊबदार वेगळं. अंथरूण नुसतं मऊ असतं. ऊब कुणीतरी त्यात झोपून उठल्यावर लागते.

मग एके दिवशी भंगाराच्या खोक्याशी पाय अडखळला आणि पाणी कुठं मुरतंय ते कळलं. तुझ्या बाबांची ती जुनी वायर, जुन्या टेलिफोनला असायची तशी वेटोळ्यांची, चांगली पंचवीस फुटी. गिटार आली त्याच दिवशी मी ती खोक्यात फेकून आखूड, नवीकोरी वायर लावली होती. का, तर जुन्या वायरीत आवाज गळतो! अगं, गळतो तो वरचा कर्कश भागच. तुझ्या बापाला तेच तर हवं होतं. दुरुस्तीवाल्याला दोष दिसला की हात शिवशिवतात, दुसरं काय.

इतकी लांब वायर कशाला, ते तुला ठाऊक नसेल. तारा बदलल्या की तो दर वेळी माझ्याकडे यायचा. आतल्या खोलीत खाटेवर बसून वाजवायचा आणि ॲम्प्लिफायर बाहेर माझ्या टेबलाशी, वायर दाराखालून. म्हणायचा, वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज कळत नाही दादा, तू ऐक. आधी एक श्वास, मग एक स्वर गुणगुणायचा, मग तोच तारेवर काढायचा आणि आतून ओरडायचा, "झालं का, दादा?" मी "झालं" म्हटल्याशिवाय गाण्याला हात घालायचा नाही. एकदा गंमत म्हणून मी अर्धा तास "नाही" म्हणत राहिलो, तर आतून म्हणतो, "तुझे कान उघडून साफ करू का रे, तुझ्याच स्क्रूड्रायव्हरनं?"

तर मी ती वायर जोडली. गिटार आत खाटेवर ठेवली, दार लोटलं आणि नुसती घरघर येते का ते ऐकायला बाहेर येऊन बसलो. दुपारचे चार वाजले असतील. ॲम्प्लिफायर तापला, आणि त्यातून कुणीतरी श्वास घेतला. मग एक स्वर गुणगुणला. मी आधी हसलोच. पिकअपमधलं मेण जुनं झालं, आतल्या बारीक तारेचे वेढे सैल पडले, की तो माइकसारखा आजूबाजूचं बोलणं ओढून घेतो. शेजारी कुणी गात असेल म्हटलं. उठून आत गेलो. खिडकी बंद होती. गिटारची सगळ्यात जाड तार थरथरत होती आणि खाटेच्या कडेला चादर दबलेली होती, माणूस बसला की दबते तशी. गिटार ठेवताना मीच टेकलो असेन. टेकलो होतो का, ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी शब्द आले. "झालं का, दादा?"

यावर इलाज सोपा आहे. पिकअप वितळलेल्या मेणात बुडवायचा, की तो फक्त तारांचं ऐकतो, माणसांचं नाही. स्टेजसाठी ते करावंच लागेल, नाहीतर आवाज वाढवला की गिटार किंचाळत सुटेल. मेण टेबलावर आणून ठेवलंय, त्याला तीन आठवडे झाले. बाहेरून कुठलाही सुटा भाग यायचा नव्हता, भिंगरी. मी रोज चारला वायर जोडतो, खुर्ची ओढून बसतो, ऐकतो आणि गप्प राहतो. मंगळवारी मन घट्ट करून वायर उपसली, ॲम्प्लिफायरही बंद केला. तरी आवाज आला. या वेळी दाराच्या पलीकडून. नुसतं "दादा?" एवढंच.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगतो. तो गेला त्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता. नव्या तारा चढवल्यात, येऊ का, म्हणाला. मी म्हटलं, आज कामात आहे, उद्या ये. त्या तारांना कुणी "झालं" म्हटलंच नाही, आणि तो अजून आत खोळंबून बसलाय. तो एक शब्द मला एकट्याला म्हणवत नाही. म्हटला आणि सगळं शांत झालं तर? आणि म्हटल्यावर तो वाजवायलाच लागला तर? म्हणून तू शनिवारी चारच्या आधी ये, माझ्याशेजारी बस. तुला हवा तो आवाज एकदा कानात भरून घे, मग मी शब्द म्हणतो आणि मेण तापायला ठेवतो. फक्त बेल वाजवू नकोस, आणि नेहमीसारखी दारातूनच मला हाक मारू नकोस. तुझा आवाज ऐकून तो बाहेर आला तर काय करायचं, ते मला ठाऊक नाही.

तुझी वाट बघत बसलेला,
तुझाच काका