पिंजऱ्यातल्या मावश्या

३ ऑक्टोबर
आलो बाबा एकदाचे! दोनच खोल्या, पण खिडक्या केवढ्या मोठ्या, आणि शाळा अगदी हाकेच्या अंतरावर. नवरा बोटीवर, त्यामुळे सामान लावायला मी आणि माझी सात वर्षांची ठमी. तिने मदत कमी आणि देखरेखच जास्त केली. शाळेतून आल्यावर मी येईपर्यंत तिला तासभर एकटीला राहावं लागेल. राहीन म्हणाली, ऐटीत.

काम माझ्या आवडीचं. गावात डासांमुळे पसरणाऱ्या तापाची साथ आहे. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना विषाणू जरा जरा बदलतो. ते बदल जुळवत मागे मागे गेलं की त्याची वंशावळ तयार होते, आणि साथ कुठून सुरू झाली ते कळतं. लोकांच्या घरात नाक खुपसायची माझी खोड एकदाची सत्कारणी लागली.

५ ऑक्टोबर
प्रयोगशाळेत चाचण्यांसाठी डास पाळलेत. जाळीचा पिंजरा, त्याला कापडी बाही, बाहीला गाठ. रोज बाहीतून हात आत घालायचा आणि त्यांना रक्त पाजायचं! नव्या माणसाने हात द्यायचा, ही इथली रीत. हे डास पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेत, एकदम निरोगी, असं साहेबांनी छातीठोकपणे सांगितलं. माझ्या आधीची बाई वर्षभर हात देत होती. सुट्टीत पिंजरा घरीही न्यायची, नाहीतर ते उपाशी मरतात. याच घरात राहायची. साथीत गेली बिचारी.

९ ऑक्टोबर
पिंजऱ्याच्या खोलीला रंग देतायत, म्हणून पिंजरा घरी आणला. रक्त फक्त माद्याच पितात. मोजून त्रेचाळीस. ठमीने त्यांचं नाव मावश्या ठेवलंय. लांबूनच बघायची सक्त ताकीद दिली. तिने इतकी शहाण्यासारखी मान हलवली की मलाच हसू आलं.

१४ ऑक्टोबर
काही केल्या जुळत नाहीये. एकशे बारा नमुने. सगळ्यात जुना त्या बाईचा. पण तिच्या आणि बाकीच्यांच्या मधली एक कडी गायब आहे. गटारं, टाक्या, टायर, सगळीकडचे डास तपासून झाले. साहेब चिडलेत, मीही चिडलेय.

हात चांगलाच सुजलाय. ठमीने फुंकर घातली. म्हणाली, आई, तुझ्या हाताला सुट्टी हवी.

१६ ऑक्टोबर
आज डोक्यात आलं. अख्ख्या गावातले डास तपासले, पिंजऱ्यातले कोणीच नाहीत. घरचेच ना! साहेब हसले, घरच्यांवर कसला संशय घेता म्हणाले. तरी तीन माद्या नेल्या. उरल्या चाळीस. काल आणि आज हात दिला नाही. डोकं ठणकतंय. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

१७ ऑक्टोबर, दुपार
मधली कडी — पिंजराच. अंगात ताप असताना त्या आधीच्या बाईने हात दिला असणार. तिच्याकडून माद्यांत, माद्यांकडून अंड्यांत. आणि ती पिंजरा घरी आणायची तेव्हा निसटून, आमच्याच घराच्या त्या मोठ्या खिडक्यांतून गावात. मी रोज हात घालत होते, देवा —

शाळा सुटली असेल. निघते.

१७ ऑक्टोबर, संध्याकाळ, दवाखाना
गाठ सुटलेली. पिंजरा रिकामा. ठमी पलंगावर, मच्छरदाणीत, पिंजरा तिच्या शेजारी. त्याही आत. तिच्याबरोबर.

मावश्यांना भूक लागली होती म्हणाली. मी दोन दिवस काही दिलं नव्हतं ना. त्याआधीही शाळेतून आली की तीच हात द्यायची. आईचा सुजतो म्हणून. कौतुकाने सांगत होती. अंग नुसतं भाजतंय. माझी गुणाची पोर —

तशीच मच्छरदाणीसकट गुंडाळली. पळत आणली.

१८ ऑक्टोबर
मुलांचा वॉर्ड. एकही खाट रिकामी नाही. ठमी ग्लानीत विचारते, मावश्यांचं पोट भरलं का.

खाटेखाली बोळा करून टाकलेली मच्छरदाणी आत्ता उलगडली. मेलेल्या मोजल्या. सदतीस. पुन्हा मोजल्या. सदतीसच.

तीन मीच इथे —

शेजारच्या खाटेवरचं तान्हं बाळ किंचाळलं. त्याच्या आईने त्याच्या पायावर चापट मारली. तळहात बघतेय. रक्त आहे.

म्हणजे उरल्या दोन. खिडकी उघडी — कोणीतरी ती खिडकी —