ओटीचा भात

बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५, सातारा

पोचले एकदाची! इस्लामपूरहून सकाळची एसटी, स्टँडवर चहा, आणि पुढं यवतेश्वरच्या घाटात रिक्षा अशी काही कण्हत चढली की उतरून मागनं ढकलावी असं वाटलं. पण घर पाहिलं आणि जीव गार झाला. नवंकोरं, दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर, पुढं अंगण. समोर अजिंक्यतारा आणि खाली पसरलेलं सगळं शहर. माझ्या लेकीनं, सोनमनं मोबाईलवर हे बुक केलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. घर काय आणि लग्नाचं स्थळ काय, नुसत्या फोटोवर हो म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. म्हणून तर तिची आई आधीच येऊन धडकली! नवरा, जयराज, फोनवर हसला. फौजेत आम्हीसुद्धा एवढी रेकी करत नव्हतो, म्हणाला.

हसू दे. याची अख्खी नोकरी सीमेवर गेली आणि माझी इस्लामपुरात, चूल आणि पोरगी सांभाळण्यात. हा रजेवर यायचा तेव्हा नेमकी सोनमची परीक्षा असायची. रिटायर झाला तर पुण्यात सिक्युरिटीची नोकरी धरून बसला, आणि तेवढ्यात सोनमचं लग्नच झालं. आम्ही तिघं कुठं दोन दिवस मोकळे राहिलोय, असं कधी घडलंच नाही. शनिवारी बापलेक पुण्याहून गाडीनं येतील. जावयांना सुट्टी मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. हे दोन दिवस मला हवेत. देवाकडे दुसरं काही मागितलेलं नाही.

घर सांभाळायला राहीबाई म्हणून साठीच्या एक बाई आहेत, एकट्याच. त्यांनी मला उंबऱ्यातच थांबवलं आणि हळदीकुंकू लावून ओटी भरली. खण, नारळ, ओंजळभर तांदूळ. ओटी निघताना भरतात, आल्या आल्या कोण भरतं? पण म्हातारं माणूस, हौस असेल. मी पदर पुढं केला. "लय वाट बघितली बघा," असं म्हणाल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. गोड बाई आहे.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

स्वयंपाकघराची झडती घेतली. गॅस ठीक, तवा चांगला, कुकरची शिट्टी जरा सैल आहे. शनिवारी रात्री मटण-भाकरी, रविवारी डबा घेऊन कासला, संध्याकाळी सोनमच्या आवडीची शेंगोळी. सगळं डोक्यात पक्कं केलं. आणि एवढी शहाणी मी, तांदूळ आणायला विसरले! दुकान खाली गावात, रिक्षा दुपारशिवाय वर येत नाही. मग ओटीचे तांदूळ टाकले कुकरला. सासूबाई असत्या तर हात धरला असता. ओटीचे तांदूळ आपल्या घरी नेऊन शिजवायचे, परक्या चुलीवर नाही, असं त्यांचं. पण पोटात कावळे ओरडत होते. म्हटलं, चार दिवस हेच आपलं घर.

जेवताना मान वर केली तर राहीबाई दारात. "हितंच शिजवलासा व्हय?" असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी परत तेच विचारलं. मग अंगणात जाऊन बसल्या आणि किती तरी वेळ रडत होत्या. मी पाणी नेऊन दिलं तर माझे हात धरून हसायला लागल्या. मला काही कळेना. एकटं राहून माणसाचं असं होत असावं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

राहीबाई गेल्या. सकाळी चांगलं लुगडं नेसून, पिशवी घेऊन समोर उभ्या. लोणंदला मुलगा आहे, गुंडा नाव, त्याच्याकडे निघाले म्हणाल्या. मी म्हटलं, आवं, मग या घराचं कोण बघणार? त्यांनी माझ्या पायावर डोकं ठेवलं. वयानं एवढी मोठी बाई! मला कसंतरीच झालं. "मी बी दोन दिसांसाठीच आल्ते, ताई. आता पोरगा वळखंल मला," म्हणाल्या. आणि मागं न बघता घाट उतरत गेल्या.

दुपारी सोनमचा फोन आला. म्हणाली, काकू, उद्या आमचं बुकिंग आहे, संध्याकाळपर्यंत पोचतो, गरम पाण्याची सोय आहे ना? मी म्हटलं, काकू काय गं, आईची चेष्टा करतेस? मग अगदी परक्या, शहाण्या आवाजात म्हणाली, माझी आई नाहीये, काकू. तुमचा काही घोटाळा होतोय.

जयराजला फोन लावला. त्यानंही मला वहिनी म्हटलं. मी चिडले, रडले, लग्नाची तारीख सांगितली, त्याच्या पाठीवरचा व्रण सांगितला. त्यानं फोन ठेवला. ही चेष्टा नाही. माझा नवरा वाईट चेष्टा करणाऱ्यातला नाही.

बॅग भरली आणि निघाले. फाटकापर्यंत गेले आणि एकदम आठवलं, दूध गॅसवर आहे. धावत आत आले. दूध नव्हतंच, गॅसही बंद. पुन्हा निघाले, तर वाटलं पंप चालू राहिलाय, टाकी भरून वाहत असेल. पुन्हा मागं. मग दोरीवरचे कपडे. मग दिवाबत्ती. खोटं आहे हे मला कळत होतं, तरी पाय वळत होते. जन्मभर ज्या कामांना जुंपून घेतलं त्यांचीच वेसण झालीये. अंधार पडला तेव्हा मी अंगणात झाडू मारत होते आणि बॅग परत खोलीत होती. ती कुणी ठेवली? मीच ठेवली असणार.

आता कळतंय राहीबाई का रडत होत्या. मी त्यांच्या चुलीवर ओटीचा भात शिजवून हे घर माझं करून घेतलं. कुणाला सांगू? आणि कुणाचा विश्वास बसेल?

शनिवार, ११ ऑक्टोबर

आले दोघं. मी फाटकाशीच उभी होते.

जयराज जरा वाळलाय. त्यानं नमस्कार केला, वाकून, परक्या बाईला करतात तसा. सोनमनं आधार कार्डं पुढं केली. मी तिच्या तोंडावरून हात फिरवला तर ती मागं सरकली. मला राहवलं नाही. म्हटलं, तुझ्या गुडघ्यावर खूण आहे, विहिरीच्या पायरीवर पडली होतीस, मीच उचलून दवाखान्यात नेलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला. जयराज मध्ये येऊन उभा राहिला. म्हणाला, बाई, हे थांबवा, नाहीतर आम्ही आत्ता दुसरीकडे जातो.

थांबवलं. ती निघून गेली तर मला कुठं दिसणार आहे? चुकलं म्हटलं, पाणी दिलं, मटण-भाकरी वाढली. सोनम भाकरीचा पापुद्रा आधी काढून खाते, अजूनही. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत होते.

रविवार, १२ ऑक्टोबर

कासला गेले दोघं. डबा मी दिला. मी इथंच.

संध्याकाळी शेंगोळी खाताना सोनमचे डोळे भरले. काकू, ही चव मला माहितीये, असं म्हणाली. जयराज म्हणाला, हिची आई असती तर बरं झालं असतं. माझ्यासमोर म्हणाला! मी ताट उचलून आत गेले आणि नळ सोडून रडले.

उद्या निघतील. एक बरं आहे. जातील तरी. राहीबाईंनी माझ्यासाठी वाट बघितली तशी मी कुणाची बघणार नाही, निदान माझ्या पोरीची तरी नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर, सकाळ

उठले तर माझ्या हातात ताम्हण. हळदकुंकू, खण, नारळ, तांदूळ. मी काढलं नव्हतं. नारळ घरात नव्हताच.

लेक आपल्या घरी जाताना ओटी आईनंच भरायची असते. हात त्यासाठी शिवशिवतायत. खाली ठेवलं की परत उचलतात. ती अंघोळीला गेलीये. बाहेर आली की हे हात—

नाही. तवा तापत ठेवलाय.

तीच सकाळ

दोन्ही तळवे टेकवले. आता काही उचलता येत नाही. पेन बोटांच्या टोकात कसंबसं—

सोनम धावत आली. पाणी ओतलं, मलम लावलं, पट्ट्या बांधल्या. फार हळू बांधल्या. ओरडली मला, अगदी हक्कानं. बरं वाटलं.

जा आता, म्हटलं. जा गं.

दुपार

गेले नाहीत. असल्या हातांनी तुम्ही खाणार काय, म्हणते. आज राहतो म्हणते.

ताम्हण दिसलं तिला. तुम्ही माझ्यासाठी काढलं होतं ना काकू, तुमचे हात असे, मीच घेते— म्हणाली. स्वतःच्या हातानं पदरात घेतलं. माझ्या पाया पडली.

आणि ओटीचे तांदूळ घेऊन आत गेली. मऊ भात टाकते म्हणाली.

मी ओरडले. नको म्हणून ओरडले. दोघांना वाटलं ताप चढलाय. जयराजनं मला खोलीत आणून निजवलं, बाहेरून कडी लावली. आराम करा, वहिनी—

तांदूळ धुतल्याचा आवाज. दार ठोठावते तर पट्ट्यांतून रक्त—

शिट्टी. ताटं मांडल्याचा आवाज. घास तरी खाऊ नको गं—

आता सगळं शांत.

कडी निघाली. जयराज दारात. दीपा, म्हणाला. कधी आलीस? हाताला काय झालं? माझ्या जवळ येऊन बसला, डोक्यावरून हात फिरवला. इतक्या दिवसांनी. मी त्याच्या खांद्यावर रडले. म्हटलं, सोनमला घे, पळूया इथून. तो माझ्याकडे बघत राहिला. कोण सोनम, म्हणाला.

बॅग उचलतोय तो. चल म्हणतोय. पाय हलके झालेत, दूध आठवत नाही, पंप आठवत नाही. मला जायचं नाही. पाय निघालेत. उंबऱ्यात बसून लिहून ठेवते, माझी मुलगी, सोनम, माझी—

आतून हाक आली. आई.

याच हाकेसाठी मी चार दिवस जीव टाकत होते. वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचलेली एक पोरगी उभी आहे. चांगल्या घरची दिसते. रडतेय. मला कळत नाही, ही बाई मला आई का—