चौथी सुरी आणि खिशातली पेनी

२ सप्टेंबर
आजपासून नोंद ठेवणार. मोठ्या कामाची सुरुवात कागदावर असावी.

सासरे, म्हणजे फिन्ले मॅक्रे, या इस्टेटीवरचे मुख्य शिकारी, वीस ऑक्टोबरला निवृत्त होणार. नर हरणांच्या शिकारीचा हंगामही त्याच दिवशी संपतो. मॅनेजरचं पत्र आलं आहे: आपल्या जागी कोण, ते फिन्ले यांनीच सांगावं. घरातलं कुणी असेल तर इस्टेटीचं हे घर तुमच्याकडेच राहील. नाहीतर नोव्हेंबरअखेर रिकामं करावं.

माझ्या बायकोने, इशबेलने, पत्र दोनदा वाचलं आणि भांडी घासायला गेली. तिचा जन्म याच घरातला. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे ना. ती म्हणाली, हो, तू तर आहेसच.

घरातलं कुणी म्हणजे मी. आम्ही तिघंच राहतो, आणि तिघांतले एक निवृत्त होतायत. हिशेब सोपा आहे.

५ सप्टेंबर
बंदूक काय, कुणीही चालवतं. खरं काम हरीण पडल्यावर. तिथल्या तिथे पोट उघडून कोथळा बाहेर काढायचा, आतडी फुटू द्यायची नाहीत, मांस खराब होऊ द्यायचं नाही. सगळं सुरीवर अवलंबून. म्हणून आधी सुरी, मग बाकीचं.

नऊ वर्षं फिरत्या लायब्ररीची गाडी चालवतोय, त्याचा आता फायदा. तीन पुस्तकं वाचून काढली. इंटरनेटवर दोनशे चौदा लोकांची मतं वाचली. पातं किती लांब, स्टील कुठलं, मूठ कशाची, यावर एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. म्हणजे विषय खोल आहे.

नाश्त्याला सासऱ्यांना विचारलं, उत्तम सुरी कुठली. ओटची पेज खाता खाता म्हणाले, धार असलेली. जुनी माणसं धंद्यातली गुपितं सहज सांगत नाहीत.

त्यांची स्वतःची सुरी मी नीट पाहिली. दगडावर घासून घासून पातं निम्मं उरलंय. मुठीला नारिंगी सुतळी गुंडाळलेली, तीही मळकी. आपल्याकडे सुरी फुकट देत नाहीत आणि घेतही नाहीत, माया तुटते. घेणाऱ्याने एका पेनीचं नाणं तरी हातावर ठेवायचं. निवृत्तीच्या दिवशी म्हातारा ती सुरी मला देणार हे उघड आहे. वापरायची नाही, पण मानाने घ्यायची. आजपासून खिशात एक पेनी ठेवतोय.

९ सप्टेंबर
पहिली सुरी आली. घडीची, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. इतकी देखणी की जेवताना ताटाशेजारी ठेवली. सासरे म्हणाले, जावईबापू, त्या सांध्यात रक्त जाऊन वाळलं की काय करणार? टूथब्रश घेऊन डोंगर चढणार का?

मत्सर. दुपारी सरावाला बांगडा घेतला. निम्म्या कामात सुरी आपोआप मिटली. अंगठ्याला तीन टाके. पात्याला धार उत्तम आहे हे मात्र सिद्ध झालं.

इशबेल संध्याकाळी तट्टू घेऊन डोंगरावरून आली. मारलेली हरणं तट्टूवर घालून खाली आणायचं काम गेली तीन वर्षं तिचं, म्हणजे नुसतं चालणं. अंगठा दाखवला तर म्हणाली, थांब, हात धुऊ दे. कोपरापर्यंत रक्त होतं. तट्टूजवळ उभं राहून इतकं रक्त कसं लागतं कळत नाही. सांभाळून काम करत जा, असं तिला सांगितलं.

१६ सप्टेंबर
दुसरी सुरी. पात्याच्या पाठीवर हुकासारखा आकडा, कातडी झिपसारखी उघडते म्हणे. इशबेलच्या जुन्या रेनकोटवर करून पाहिलं. खरंच झिपसारखा उघडला.

रेनकोट जुना नव्हता. विषय दिवसभर पुरला.

२४ सप्टेंबर
तिसरी सुरी, सात इंची. अंगाला सवय व्हावी म्हणून पट्ट्याला लावूनच दुकानात गेलो. ब्रेड आणि अंडी घेतली. मागे वळलो तर पोलीस गिलिस.

म्हणाला, टॉर्क्विल, हे काय लटकवलंयस? मी म्हटलं, मी इस्टेटीचा शिकारी आहे. तो म्हणाला, शिकारी मला माहीत आहे, तो डोंगरावर आहे. तू लायब्ररी आहेस. मी म्हटलं, होणारा शिकारी. त्यावर त्याने विचारलं की ब्रेड आणि अंडी यांच्यामध्ये मला नेमकं कोणतं हरीण सोलायचं होतं. रांगेतली माणसं हसली. कायद्याने सुरी बाळगायला सबळ कारण लागतं म्हणे. समज देऊन सोडलं, सुरी जप्त.

ब्रेड दुकानातच राहिला.

३० सप्टेंबर
सासरे सकाळी बूट चढवताना म्हणाले, चल आज. दोन नर पाडायचेत, तू एकात हात घाल, मी शेजारी बसतो, चुकलास तर चुकलास.

नको म्हटलं. चुकीच्या सुरीने शिकलं की हाताला चुकीचं वळण लागतं. इशबेलने जेवणाचा डबा घेतला आणि दोघं निघून गेले.

संध्याकाळी गाजरं सोलायची छोटी सुरी सापडेना. सापडली ती इशबेलच्या कोटाच्या खिशात, पातं वस्तऱ्यासारखं धारदार केलेलं. घरातल्या वस्तू डोंगरावर नेऊ नयेत, अशी चिठ्ठी फ्रिजवर लावली.

६ ऑक्टोबर
हीच ती. चौथी. चार इंची, न गंजणारं, न मिटणारं पातं, रबरी मूठ, धुवायला सोपी. रंग गर्द हिरवा, मुद्दाम, म्हणजे हरणांना दिसणार नाही. इशबेल म्हणाली, अरे, सुरी निघते तोवर ते मेलेलं असतं. मी म्हटलं, बाकीची जिवंत असतात.

सासऱ्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, सुरी चांगली आहे. अकरा वर्षांतली पहिली शाबासकी. मग म्हणाले, मुठीला नारिंगी सुतळी गुंडाळ. नम्रपणे नकार दिला. तोल बिघडतो.

१३ ऑक्टोबर
आरशासमोर म्यानातून सुरी काढायचा सराव. उजव्या हाताने साठ वेळा, डाव्याने चाळीस. पेनी व्हिनेगरने चकचकीत केली.

इशबेल रात्री अंथरुणात म्हणाली, घर गेलं तर कुठे जायचं रे? आवाज बारीक होता. मी म्हटलं, आठवडा थांब. मग माझीही झोप उडाली, ते इथे लिहून ठेवतो.

२० ऑक्टोबर
सविस्तर लिहिणं भाग आहे.

हंगामातला शेवटचा नर मॅनेजरने सासऱ्यांना दिला होता. आम्ही तिघं निघालो, तट्टू मागे. नर दरीत ओरडत होते. ओढ्याच्या कडेने पोटावर सरपटत दोनशे पावलं गेलो, पाणी आत कुठवर गेलं ते लिहीत नाही. सासऱ्यांनी एकच गोळी झाडली. नर चार पावलं चालला आणि बसला.

वर नराजवळ पोचल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, हं, जावईबापू.

मी उजवा हात नेला, अगदी सरावाप्रमाणे. म्यान रिकामं.

सरपटताना पडली असणार. मी म्हटलं, आलोच. खाली उतरलो. सगळीकडे हेदरची खुरटी झुडपं, सगळी गर्द हिरवी. रांगत रांगत शोधलं. पाऊण तास गेला. नारिंगी सुतळीचा विचार मनात आला, तो मी झटकला.

परत आलो तर काम झालेलं. पोट स्वच्छ उघडलेलं, आतडी एक थेंब न सांडता बाजूला काढलेली. सासरे दगडावर बसून चहा पीत होते. त्यांचे हात कोरडे होते. इशबेल ओढ्यात कोपरापर्यंत हात धूत होती.

मग म्हातारा उठला. आपली सुरी गवताला पुसली आणि मला विचारलं, तुझ्याकडे नाणं आहे का रे?

छाती भरून आली, खोटं का लिहू. सुरी हरवली, तरी माणसाने माणूस ओळखला. चकचकीत पेनी त्यांच्या हातावर ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले.

त्यांनी ती पेनी इशबेलच्या ओल्या हातात दिली. म्हणाले, हं पोरी, आता मला दे. तिने दिली. त्यांनी ती खिशात टाकली आणि सुरी तिच्या हातात ठेवली. म्हणाले, मॅनेजरला काल रात्रीच तुझं नाव सांगितलंय. घर तुझं.

इशबेल तट्टूच्या मानेत तोंड घालून रडली. माझे हात अजून पुढेच होते. सासऱ्यांनी त्यांत तट्टूचा लगाम दिला.

२१ ऑक्टोबर
आजपासून माद्यांचा हंगाम. इशबेल उजाडायच्या आत गेली.

फ्रिजवरची चिठ्ठी काढली. तिने तीन वर्षं डोंगरावर काय केलं, हे मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. घर राहिलं याचा आनंद झाला. लगेच नाही झाला, दुपारी झाला.

२३ ऑक्टोबर
इशबेलला माझी सुरी सापडली. येता-जाता, दहा मिनिटांत. मूठ हिरवी असली तरी पातं चमकतं, म्हणाली.

मी हात पुढे केला. ती म्हणाली, फुकट नाही हं द्यायची, माया तुटते. पेनी काढ.

सगळे खिसे पाहिले. गाडीतही पाहिलं. एकच होती, ती म्हाताऱ्याच्या खिशात आहे आणि तो देत नाही.

सुरी सध्या स्वयंपाकघरात आहे. गाजरं फार छान सोलते म्हणे.